एक जुलैला घरी कोणी नसतं

सें-फेर्मे, क्वेबेक
१२ जून १९८३

ती. आईस,

ओतिलियाचा इथल्या गोठ्यातून तिकडच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांच्या हाती पडू नये म्हणून हे उत्तर सोलेदादमावशीच्या पत्त्यावर टाकते आहे. घरच्या पत्त्यावर वेगळं पत्र गेलंय, त्यात नुसत्या गायी आणि परीक्षा आहेत. ते बाबांना खुशाल मोठ्यानं वाचून दाखव.

नाबोरदादा टेक्सासात नाही, माँट्रियलमध्ये आहे, हे वाचलं तेव्हा मी दुधाची बादली घेऊन चालले होते. तिथेच खाली बसले. या घरच्या जिझेलमावशींना वाटलं, गायीनं लाथ मारली. आई, मी गेल्या ऑगस्टात या घरी राहायला आले, इथल्या शाळेत जायला लागले, यांच्या पोरीसारखी झाले, आणि एवढे दिवस माझा भाऊ बसच्या एका प्रवासावर होता! नाताळात मी आपल्या घरच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसून रडत होते, तेव्हा तोही तिथे एकटाच असेल. मला हे सहनच होत नाही.

आता काय ठरवलंय ते ऐक. एक जुलैला शुक्रवार आहे आणि देशाची सुट्टी आहे, म्हणजे सलग तीन दिवस. आमच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेच्या नियमाप्रमाणे मला एकटीनं गावाबाहेर जाता येत नाही. पण मावशींची भाची जिनेत माँट्रियलला असते, ती मला तीन दिवस ठेवून घेईल. सगळ्यांना सांगितलंय की ओतीला मोठं शहर बघायचंय. मावशींना मात्र मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही, त्या बघतातच तशा.

सुट्टीचाच दिवस मी मुद्दाम निवडला. कामाच्या दिवशी गेले आणि तो बाहेर असला तर? सणाच्या दुपारी आपल्या लिओनात कुणाच्याही दारावर थाप मार, घरधनी बनियनवर हजर. मावशी एवढंच म्हणाल्या की त्या दिवशी शहरात गर्दी असते, आणि त्यांचे यजमान रेआलकाका मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले की जा जा, शहराचा खरा तमाशा बघशील. मिरवणूक आणि झेंडे असतील.

भीती एकाच गोष्टीची वाटते. दादानं घर सोडलं त्या दिवशी बुटांच्या दुकानात बाबांना तोंडावर सांगितलं होतं की यंत्रं तुमचे बूट गिळणार आहेत आणि मी आरी हातात धरून त्याची वाट बघत बसणार नाही. बाबा म्हणाले, मग या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. ते दोघंही रागात होते, ते मी समजू शकते. पण नंतर दादाची टेक्सासहून आलेली पत्रं बाबांनी न फोडता परत धाडली. ज्याची पत्रं घरून परत येतात, तो दारात उभ्या राहिलेल्या बहिणीला काय म्हणेल?

लवकर लिही. तुझी माया अशीच माझ्या पाठीवर असू दे.

तुझी,
ओती


लिओन, ग्वानाख्वातो, मेक्सिको
२० जून १९८३

चि. ओती हिस,

आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सोलेदादच्या शिवणयंत्रावर कागद ठेवून लिहिते आहे. घरी सांगितलंय की ब्लाउजचं माप द्यायला चालले. तुझी पत्रं अशीच येत राहिली तर मला ब्लाउजं ठेवायला नवं कपाट लागेल, आणि तुझ्या बाबांना संशय येईल की या वयात हिला नटायचं का सुचतंय.

तू जाणार हे वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. एकाची काळजी होतीच, आता तुझीही. त्या जिनेतला सोडून कुठे जाऊ नकोस. जिना चढताना तिला खाली उभी कर, आणि तू वर गेलीस की तुझा आवाज तिला ऐकू येईल एवढ्यावरच थांब. पैसे एका ठिकाणी ठेवू नकोस. कुणी कितीही गोड बोललं तरी त्याच्या गाडीत बसू नकोस. हसतेस ना? हस. तुला मूल झालं की बघू.

तो भेटला तर का गेलास, का लिहिलं नाहीस, असलं काही विचारायचं नाही. बाबांचा विषय तू काढू नकोस. त्याचे हात बघ, कॉलर बघ, जेवतो का ते बघ. रडायचं नाही. त्यानं दार लावून घेतलं तर पुन्हा ठोठावू नकोस. पायरीवर जरा बसून राहा आणि मग ऊठ. मला एकच गोष्ट कळव, आपण त्याला हवे आहोत की नाही. नाही असं असेल तरी कळव. नुसतं वाट बघत राहण्यापेक्षा ते बरं.

पत्ता शेजारच्या चाबेलाच्या पुतण्यानं, लेंचोनं, दिला हे तुला लिहिलंच आहे. तो दर हंगामाला तिकडच्या शेतांवर कामाला जातो आणि रविवारी नाबोरला भेटतो म्हणे. त्याच्या वडिलांच्या वर्षाच्या प्रार्थनेला आला होता, आता परत गेला. कुठल्या शेतावर ते चाबेलालाही धड ठाऊक नाही. तू क्वेबेकात आहेस हे मी लेंचोला मुद्दाम सांगितलं नाही. बहीण येणार असं कळून नाबोर लाजेनं आधीच सटकला तर? त्याच्याबरोबर मी नाबोरला एक निरोप मात्र धाडलाय. काय ते विचारू नकोस. आईनं जे करायला हवं ते केलं.

एक सांगायचं राहिलं. परवा दुकानात एका गिऱ्हाइकानं तुझ्या बाबांना विचारलं की मुलं किती. या घरात नाबोरचं नाव घ्यायची बंदी आहे, तुला माहीत आहे. मी पडद्याआड श्वास धरून उभी राहिले. बाबांनी कातडं कापता कापता सांगितलं की दोन. मी तशीच मागच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि कांदा चिरायला घेतला.

सान हुआनच्या देवमातेला मेणबत्ती बोलले आहे, तू परत आलीस की लावू. जपून जा, आणि आईवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई


माँट्रियल
१ जुलै १९८३, संध्याकाळ

ती. आईस,

लेकीचा दमलेला नमस्कार. वि. वि.

आधीच सांगते, मी सुखरूप आहे, जिनेतच्या घरी आहे, पोटात जेवण आहे. दादा भेटला नाही. आता सगळं सांगते, कारण तुला अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं तू मनानं रचतेस आणि ते नेहमी वाईटच असतं.

बस शहरात शिरली तेव्हा मला वाटलं काहीतरी संकट कोसळलंय आणि माणसं पळत सुटली आहेत. प्रत्येक रस्त्यावर ट्रक. मोटारींच्या टपांवर गाद्या दोरीनं बांधलेल्या, फुटपाथवर कपाटं, एका आजीबाई रस्त्याच्या कडेला आपल्याच सोफ्यावर मांडीवर कुंडी घेऊन बसलेल्या. बसमध्ये शेजारी एक म्हातारबुवा होते, त्यांना मी घाबरून विचारलं की काय झालंय. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग म्हणाले की पोरी, आज एक जुलै, आज बिऱ्हाडं हलवायची. इथे भाड्याच्या घरांचे करार सगळे एकाच दिवशी संपतात. ज्याला घर बदलायचं तो आजच बदलतो.

आई, मी हा दिवस मुद्दाम निवडला! सगळी माणसं घरी सापडतील म्हणून! वर्षात असा एकच दिवस आहे की जेव्हा या शहरात कुणीच घरी नसतं, आणि मी नेमका तोच धरला. जिझेलमावशी ज्या घरात जन्मल्या त्याच घरात राहतात, त्यांनी आयुष्यात बिऱ्हाड हलवलं नाही. मघाशी फोनवर त्या कपाळ बडवून म्हणत होत्या की अगं, ही गोष्ट कुणाला सांगावी लागते हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

जिनेतनं मला स्टँडवरून घेतलं आणि आम्ही थेट पत्त्यावर गेलो. इथे जिने घराच्या बाहेर असतात, लोखंडी, वळणाचे. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. वळणात एक फ्रिज अडकला होता आणि त्याच्याखाली चौघं जण देवाचं नाव घेत उभे होते, म्हणजे शिव्या देण्यासाठी. वरून एक ठणठणीत बाई, त्या घरातल्या नव्या भाडेकरू, हुकूम सोडत होत्या. त्यांनी मला खाली उभी पाहिली आणि आपल्या मदतीला आलेल्यांपैकीच समजून ओरडल्या की बघत काय बसलीस, मांजर घे! मी काही बोलायच्या आत माझ्या एका हातात मांजराची टोपली आणि दुसऱ्या हातात दिवा आला. मी दादाच्या घरात अशी शिरले.

घर रिकामं होतं. भिंती धुतलेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र एक मिरचीचं रोप राहिलं होतं. बाई विचारत होत्या की हे कसलं, टोमॅटोचं का. मी मांजर खाली ठेवलं आणि रडले. तू रडू नको म्हणाली होतीस, पण तो समोर नव्हता, म्हणून चालतं.

खालच्या मजल्यावर उएलेत नावाचे आजोबा राहतात. दर एक जुलैला सज्जात खुर्ची टाकून, बियर घेऊन ते इतरांची बिऱ्हाडं बघत बसतात. त्यांनी सांगितलं की मेक्सिकन सकाळीच गेला. ट्रक नाही, गाडी नाही, खांद्याला एक पिशवी. टेबल आजोबांनाच दिलं. पलंग समोरच्या जोडप्याला. शेगडी, भांडी, चादरी, जो येईल त्याला देत सुटला. आणि थंडीचा कोट तळमजल्यावरच्या बाईला देऊन टाकला. चांगला, फरच्या टोपीचा. आजोबांनी विचारलं की एवढं सगळं वाटून चाललास कुठे. तो फक्त म्हणाला, लांब.

हे ऐकून जिनेतचा चेहरा उतरला आणि तिनं माझा हात धरला. आई, या गावात माणूस उपाशी राहील पण थंडीचा कोट देणार नाही. मी इथे एक हिवाळा काढलाय, मला माहीत आहे. ज्याला पुढचा हिवाळा बघायचाय तो असं करत नाही. इथे लिहून टाकते, मला फार भीती वाटतेय.

उद्या पुन्हा शोधते. माझ्यावर रागावू नकोस.

तुझी,
ओती


सें-फेर्मे
४ जुलै १९८३

ती. आईस,

नमस्कार. वि. वि.

काल परत आले. अजून काही कळलेलं नाही.

शनिवारी आम्ही बेकऱ्या पालथ्या घातल्या, कारण उएलेत आजोबांना एवढं ठाऊक होतं की तो भट्टीवर काम करतो. एका ठिकाणी मालकानं ओळखलं. म्हणाला की माणूस सोन्यासारखा, गुरुवारी काम सोडलं, सगळ्यांना मिठी मारली, कारण सांगितलं नाही. मिठी मारली हे तो कौतुकानं सांगत होता आणि मी जिनेतकडे बघत होते. मालकानं पिशवीभर गरम पाव दिले. जिनेत म्हणाली की खा. खाल्ले. चवीला छान होते आणि त्याचीही मला लाज वाटली.

दुपारी जिनेत मला डोंगरावर घेऊन गेली, वरून शहर दिसतं तिथे. तिला वाटलं मला बरं वाटेल. खाली सगळीकडे छपरं आणि नदी, आणि पुलांवर अजूनही गाद्या बांधलेल्या मोटारी. इतक्या घरांतून माणसं निघाली आणि इतक्या घरांत शिरली, प्रत्येकाला कुठे जायचं ते माहीत होतं. मी प्रत्येक काळ्या केसांच्या माणसाच्या मागे धावत होते. एकाच्या खांद्याला हात लावला तर तो घाबरून आपलं पाकीट चाचपायला लागला.

रविवारी स्पॅनिश प्रार्थना होते त्या चर्चमध्ये गेलो. तिथे त्याला ओळखणाऱ्या दोघी भेटल्या. म्हणाल्या की महिनाभर गप्प गप्प होता. जिनेतनं इस्पितळांना फोन केले. तसं कुणी आलेलं नाही. नाही असं उत्तर आलं की बरं वाटतं आणि लगेच पुढचा नंबर फिरवावा लागतो.

आता पेच असा आहे. जिझेलमावशी म्हणतात की पोलिसांत सांगूया. रेआलकाका म्हणतात की तू लेंचोकडून ऐकलंस त्याप्रमाणे त्याचे इथे राहायचे कागद कधीचे संपलेत, पोलिसांनी शोधला तर धरून परत पाठवतील, आणि तो जिवंत असून आपण त्याला पकडून दिलं असं झालं तर तो जन्मात तोंड दाखवणार नाही. दोघांचं काल जेवणाच्या टेबलावर जुंपलं. काका कधी आवाज चढवत नाहीत, काल चढवला. मी मध्ये बसून सूप ढवळत होते. शेवटी ठरलं की बुधवारपर्यंत थांबायचं आणि मग सांगायचं. हा निर्णय माझ्यावर सोडला असता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

तुला फोन करावा असं शंभरदा मनात आलं. पण फोन औषधाच्या दुकानात, आणि तिथले डॉन लुपे म्हणजे निरोप द्यायच्या आधी अख्ख्या गल्लीला सांगून मोकळे होणार. बाबांना असं कळायला नको.

आई, एक विचारते, आणि तू खरं सांगायचं. लेंचोबरोबर तू काय निरोप धाडला होतास? त्या दोघी म्हणाल्या, महिनाभर गप्प होता. लेंचो परतला त्यालाही साधारण तेवढेच दिवस झाले. तू त्याला काही लागेल असं तर बोलली नाहीस ना? बाबांच्या वतीनं काही? तसं असेल तरी मला सांग. मी तुला दोष देणार नाही, पण मला कळलं पाहिजे.

रात्री झोप नाही. गायींना मात्र माझी दया नाही, पहाटे हंबरतातच. तुझ्या मायेवरच दिवस काढते आहे.

तुझी,
ओती


लिओन
६ जुलै १९८३

चि. ओती हिस,

आईचे आशीर्वाद, आज जरा जास्तच. वि. वि.

माझी तार मिळालीच असेल. तार ऑफिसातला मुलगा म्हणाला की कमी शब्दांत सांगा, म्हणून नुसतं लिहिलं, नाबोर घरी आहे, शोधू नकोस. आता पत्रात सगळं सविस्तर. तू शहरात त्याला शोधून थकली असशील या विचारानं मला चैन नाही, पण ओती, तो इथे आहे गं! आत्ता मागच्या खोलीत झोपलाय. मी दर थोड्या वेळानं जाऊन बघून येते.

काल सकाळी मी फुटपाथ धूत होते. झगा खोचलेला, बाह्या वर, एका हातात बादली, दुसऱ्या हातात झाडू, आणि चाबेलाच्या कुत्र्यानं नेहमीच्या जागी घाण केलेली, म्हणून कुत्र्याचा आणि चाबेलाचा एकत्रच उद्धार चाललेला. मान वर केली तर कोपऱ्यावर एक माणूस, खांद्याला पिशवी, वाळलेला. माझ्याकडे नुसता बघतोय. मी ओळखलं आणि बादली सुटली. मग आठवलं की मी तर आजारी असायला हवी होते.

होय. तोच निरोप. लेंचोला मी सांगितलं होतं की नाबोरला सांग, तुझी आई अंथरुणाला खिळलीय, काही खरं नाही. मला वाटलं होतं हे ऐकून तो निदान चार ओळी लिहील. तो घरच मोडून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि ज्या बाईला तो शेवटचं बघायला आला, ती भर रस्त्यात कुत्र्यावर ओरडत उभी! तो तिथेच ओल्या फुटपाथवर बसला आणि ढसाढसा रडला. मी म्हटलं, बाळा, आता बरं आहे मला. त्यानं मान हलवली. दुसरं काही विचारलं नाही.

आवाज ऐकून तुझे बाबा दुकानातून आले. मी दारात आडवी उभी राहिले, मनात ठरवूनच, की आज उंबऱ्याबद्दल एक शब्द काढला तर मीही याच्याबरोबर बाहेर. ते त्याच्या तोंडाकडे बघेनात. बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले की टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय, हा तळ कुणी बसवला, खाटकानं? काढ ते. नाबोरनं तिथेच बूट काढले, आणि हे घेऊन आत गेले. काल दिवसभर पोरगा घरात अनवाणी. आज सकाळी मी विचारलं की झाले का बूट. म्हणाले, घाई कसली आहे. मी पाहिलं तर बूट कधीच तयार होऊन फळीवर ठेवलेत, पण फळी यांच्या डोक्यावरची, यांच्याशिवाय कुणाचा हात न पोचणारी.

आता माझी काळजी ऐक. त्यानं तिथलं घर सोडलं, काम सोडलं, आणि लेंचो म्हणायचा त्याप्रमाणे कागदांची भानगड आहे, म्हणजे आता पुन्हा तिकडे जाणंही कठीण. हे सगळं माझ्या एका खोट्यापायी. सोलेदाद म्हणते की आला ना, मग गप्प बस. पण तो काही बोलत नाही गं. जेवतो, माझ्या ताटाकडे बघतो, हसतो, झोपतो. मी त्याला फसवून आणलं हे त्याला कळलं तर? चिडून पुन्हा निघून गेला तर? सांगायला जाते आणि जीभ अडते. दुपारी उगाच खोकले सुद्धा. तूच सांग, काय करू. तुझं डोकं माझ्यापेक्षा थंड आहे, आणि आता तर थंड देशात राहिलंय.

तिथे जिनेतला, तुझ्या मावशीला माझे नमस्कार सांग. परक्या लेकीसाठी कुणी एवढं करत नाही. तू लवकर ये, तुझ्यावरचा जीव काही कमी होत नाही.

तुझी,
आई


लिओन
१८ जुलै १९८३

चि. ओतीस,

दादाचा आशीर्वाद. वि. वि.

ही माझी तुला पहिलीच चिठ्ठी, म्हणून सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं. आईनं सांगितलं की चि. लिही आणि पुढे जा. मी गेलो तेव्हा तू दोन वेण्यांची होतीस, आता म्हणे घोटभर बियरही पितेस. बाबांना सांगितलेलं नाही.

तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच आली. सोलेदादमावशी धापा टाकत घेऊन आली, आईनं वाचली आणि माझ्या हातात ठेवली. मी मागच्या अंगणात जाऊन वाचली. ओती, तू त्या तीन दिवसांत जे भोगलंस त्याची भरपाई माझ्याकडे नाही. तू इतक्या जवळ आहेस हे मला ठाऊक असतं तर मी चालत आलो असतो. मी कुठेच गेलो नव्हतो. विमान सोमवारचं होतं, तोवर भट्टीवरच्या एका पोर्तुगीज मित्राकडे नदीपलीकडे झोपत होतो. शनिवारी दुपारी तोही मला डोंगरावर घेऊन गेला होता, शहराला रामराम करायला. म्हणजे तू ज्यांच्या मागे धावलीस त्यांत मी का नव्हतो, हे मलाही कळत नाही. विचार केला की अंगावर काटा येतो, म्हणून करत नाही.

आता तुझी जरा खरडपट्टी. कोट! अगं, लिओनात फरच्या टोपीचा कोट घेऊन मी काय करणार होतो? त्यात चिंचा वाळवणार होतो? इथे बसून एखाद्या माणसानं कोट वाटून टाकला असं ऐकलं असतंस तर तू लगेच म्हणाली असतीस की हा उन्हाच्या गावी चाललाय. तिथे एक हिवाळा काय काढलास, पक्की तिकडची होऊन बसलीस! आईला हे समजावून सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग तुझ्यासाठी रडली.

उएलेत आजोबांना मी लांब म्हटलं, त्याचंही सांगतो. त्या दिवशी सकाळपासून प्रत्येक जण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता की कुठे चाललात. कुणी पुढच्या गल्लीचं नाव घेई, कुणी नदीपलीकडचं. माझं उत्तर एका शब्दाचं होतं, घरी. पण ते मी अजून स्वतःशीही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. बाबांनी दार लावलं तर ते घर कुठलं? तो शब्द तोंडातून गेला असता तर मी जिन्यावर, सगळ्यांच्या फ्रिज-कपाटांमध्ये, पोरासारखा रडलो असतो. म्हणून आपलं लांब म्हणून टाकलं.

बाबांचं आणि माझं अजून काही बोलणं नाही. पण बूट अजून मिळालेले नाहीत, आणि काल त्यांनी न बघताच एक आरी माझ्याकडे सरकवली. मी घेतली. कायमची घेतली असं नाही म्हणत. दुकानाबद्दल माझं मत तेच आहे. पण शिवण मारता मारता भांडता येतं, हे मला आधी सुचलं नव्हतं.

शेवटी तुझ्या प्रश्नाबद्दल. आईनं निरोप काय धाडला ते तिनं तुला लिहिलंय, हे तिच्या चोरट्या नजरेवरून कळतं. दिवसातून दोनदा ती माझ्याजवळ येते, तोंड उघडते, आणि भात आणखी हवा का असं विचारून जाते. मधूनच खोकते. तिला वाटतं मला काही ठाऊक नाही.

ओती, लेंचोला कधी खोटं बोलता आलंय का? तो रविवारी माझ्या टेबलाशी बसला, निरोप सांगितला, लाल झाला, आणि त्याच दमात म्हणाला की पण तुझी आई ठणठणीत आहे रे, हे सांगताना ती कढईत मिरच्या परतत होती आणि मलाच ठसका लागला. मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. मी महिनाभर गप्प होतो तो याच विचारात, की जी बाई आपल्याला बारीकशा थापेसाठीही पाद्रीबाबांसमोर उभं करायची, तिला माझ्यापायी एवढं मोठं खोटं बोलावं लागलं. आजारी आई बोलावते म्हणून कुणीही गेला असता. मी धडधाकट आई बोलावते म्हणून आलो.

हे तिला सांगू नकोस. मी चिडून जाईन असं तिला वाटतं, तर मी कुठे जात नाही एवढं कळव. बाकीचं आपल्या दोघांत राहू दे. सकाळ-संध्याकाळ मला ताज्या रोट्या मिळताहेत, वर तिचं ते गुपचूप बघणं. राहू दे काही दिवस. बिचारीला वाटू दे की तिनंच मला फसवून आणलं.

तू ये लवकर. माया पाठवत राहा, आता परत धाडणारं कुणी नाही.

तुझा,
नाबोरदादा